चूक ओळखा, नाव घेऊ नका

साकोलीच्या बसस्थानकामागं खताचं एक दुकान आहे. त्याच्या बाजूच्या जिन्यानं वर गेलं की यशोदीप अकॅडमी लागते. खालून युरियाचा वास येतो, वरून पंख्यांची घरघर, आणि या दोहोंच्या मध्ये रोज सकाळी आठ वाजता कामिनी मॅडम तलाठी भरतीच्या पोरांना इंग्रजी वाक्यांतल्या चुका शोधायला शिकवते.

प्रश्न साधा असतो. एका वाक्याचे तीन तुकडे करून दिलेले असतात. कोणत्या तुकड्यात चूक आहे ते सांगायचं. चौथा पर्याय असतो, 'नो एरर'. ज्याला काही सुचत नाही तो डोळे मिटून तिथं खूण करतो. कामिनीला त्या चौथ्या पर्यायाचा मनस्वी राग होता. "चूक नाही म्हणणारा एकतर देव असते, नाहीतर आळशी," ती फळ्यावर खडू आपटून म्हणायची, "अन् देव आपल्या बॅचले येत नाही." पोरांनी तिचं नाव 'नोएरर मॅडम' ठेवलं होतं. तिला ते माहीत होतं, आणि त्यातही तिला चूक सापडली नव्हती.

तिचा हा राग जुना होता. आंधळगावात तिच्या वडिलांचं, इश्वरभाऊंचं, किराणा दुकान. लहानपणी बिस्किटांच्या पुड्यांवरचं इंग्रजी वाचून ती वडिलांना सांगायची, बाबा, हे चुकीचं छापलं आहे. इश्वरभाऊ म्हणायचे, "बिस्कीट तं बरोबर आहे ना माय? मंग खा." पुढं ती भंडाऱ्याच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन एम. ए. झाली. लग्नाची बोलणी आली तेव्हा एका मुलाचा बायोडाटा इंग्रजीत आला होता. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स.' कामिनीनं लाल पेनानं 'हॅविंग' खोडलं, वर 'आय हॅव' लिहिलं, आणि कागद मध्यस्थाच्या हाती परत दिला. त्या घरातून पुन्हा निरोप आला नाही. मध्यस्थ मात्र वर्षभर सांगत फिरला की इश्वरभाऊची पोरगी पोराच्या भावांवरही काट मारते.

लोक हसायचे. तीही हसायची. पण लाल पेन कुठून आलं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

नागपूरच्या एका शाळेत ती मुलाखतीला गेली होती. काचेचं टेबल, त्यापलीकडे तीन माणसं. त्यांनी विचारलं, कुठून आलात. तिनं सांगितलं, 'आय ॲम कमिंग फ्रॉम आंधळगाव.' मधला माणूस बाजूच्या बाईकडे वळून इंग्रजीत म्हणाला, म्हणजे अजून वाटेतच आहेत, पोचतील तेव्हा बोलू. तिघंही हसले. फार मोठ्यानं नाही. सुशिक्षित माणसं हसतात तसं, नाकातून. कामिनीनं पुढची सगळी उत्तरं बरोबर दिली. कुणी ऐकत नव्हतं. परतीच्या एसटीत ती खिडकीला टेकून ते एक वाक्य पुन्हा पुन्हा तोडत राहिली, जोडत राहिली. भंडारा येईपर्यंत तिला चूक कळली होती. त्या माणसाचं हसणं कोणत्या तुकड्यात बसवायचं, ते मात्र कळलं नाही.

तेव्हापासून ती चुका गोळा करत होती. जिल्ह्यातल्या पोराच्या तोंडून जी जी चूक निघू शकते ती प्रत्येक. 'डिस्कस अबाउट'. 'रिटर्न बॅक'. 'वन ऑफ माय फ्रेंड'. तिच्या हातातून गेलेल्या पोरावर कोणी नाकातून हसता कामा नये, एवढाच तिचा हिशेब होता.

छापील संच सोडवून पोरं हुशार होत होती. पण त्या संचांतली माणसं सगळी जॉन आणि मेरी. जॉन स्टेशनवर उशिरा पोचतो, मेरीला पियानो येतो. त्यांच्या चुका पोरं चटकन पकडायची, आणि स्वतःच्या घराबद्दल एक ओळ लिही म्हटलं की खडू हातात घेऊन फळ्याकडे पाठ करायची. म्हणून या वर्षी कामिनीनं नवी रीत सुरू केली. रोज एकानं उठायचं, आपल्या घरातलं एक वाक्य इंग्रजीत फळ्यावर लिहायचं आणि जाऊन बसायचं. मग बाकीच्यांनी चूक शोधायची. नियम एकच. चूक ओळखा, नाव घेऊ नका. 'हे वाक्य' म्हणायचं, 'याचं वाक्य' म्हणायचं नाही. एकदा गोलू नावाच्या वाचाळ पोरानं "मॅडम, सोनवानेच्या वाक्यात—" अशी सुरुवात केली, तर तिनं त्याला तास संपेपर्यंत उभं ठेवलं. "सोनवाने फळ्यावर आहे का? फळ्यावर काय आहे ते बोल."

पोरं हळूहळू मोकळी झाली. फळ्यावर बकऱ्या आल्या, कारधा गावची आत्या आली, कुणाच्या भावाची बंद पडलेली मोटारसायकल आली.

राखी शेवटपर्यंत उठली नव्हती. एकोडीची पोरगी, गोपीचंद नावाच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याची. पहिल्या बसनं यायची, पुढच्या बाकावर बसायची. छापील वाक्यातली चूक ती इतक्या लवकर पकडायची की बाकीचे प्रश्न वाचायचे सोडून तिच्याच तोंडाकडे बघायचे. या बॅचमधून कुणी तलाठी होणार असेल तर ती राखी, हे कामिनीला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. पण फळ्याजवळ यायला ती तयार नव्हती.

रोवणीचे, धानाच्या लावणीचे, दिवस सुरू झाले तशी एका सकाळी ती आपणहून उठली. वेणी मागं टाकली, खडू घेतला आणि लिहिलं, 'माय मदर इज प्लांटिंग स्टेइंग इन मड सिन्स मॉर्निंग.' आई सकाळपासून चिखलात रोवून राहिली, म्हणजे रोवते आहे, हे तिच्या मनातलं वाक्य होतं. मनातून फळ्यापर्यंत येताना जसं जमलं तसं आलं. कामिनीनं ते मोठ्यानं वाचलं. वर्गानं चूक काढली, राखीनं वहीत दुरुस्त करून घेतली, आणि तास पुढं गेला.

मागच्या भिंतीशी एका स्टँडवर मोबाइल लावलेला असायचा. अकॅडमीचा मालक धनंजय रोजचा तास रेकॉर्ड करायचा. गैरहजर पोरांसाठी, असं तो म्हणाला होता.

दोन-तीन दिवसांनी गणिताचे सचिन सर चहा पिता पिता तिच्याजवळ आले. "मॅडम, तुमचा व्हिडिओ तं जोरात चालून राहिला," म्हणाले आणि मोबाइल पुढं केला.

फळा दिसत होता. राखीची पाठ, वेणी, हिरवी ओढणी. कामिनीचा आवाज ते वाक्य वाचत होता. वाचून संपलं आणि चित्र बदललं. डबक्यात गळ्यापर्यंत बुडालेली म्हैस रवंथ करत होती, वर ते वाक्य चिकटवलेलं. मग कुठून तरी आणलेलं खूप माणसांचं हसणं. मग पुन्हा वर्ग, कामिनीचा चेहरा, आणि तिच्या ओठांवर हसू. खाली मोठ्या अक्षरांत, 'अशी इंग्लिश लिहाल तर तलाठी सोडा, कोतवालही होणार नाही! आजच प्रवेश घ्या. यशोदीप अकॅडमी, साकोली.'

खाली लोकांनी लिहिलेल्या ओळी होत्या. त्यांत एक, 'अरे ही तं आपल्या एकोडीच्या गोपीचंदभाऊची पोट्टी!'

राखी त्या दिवशी आलेली नव्हती. आदल्या दिवशीही नव्हती.

कामिनी चहा तसाच ठेवून धनंजयच्या खोलीत गेली. तो कुणाला तरी फोनवर बॅचची वेळ सांगत होता. तिनं फोन संपायची वाट पाहिली नाही.

"तो व्हिडिओ काढा."

"बसा, मॅडम."

"आधी काढा."

धनंजय वाईट माणूस नव्हता, असं साकोलीत कुणीही सांगितलं असतं. स्वतः आठ वेळा भरतीच्या परीक्षा देऊन बसला होता. गरीब पोरांना सवलत द्यायचा. आवाज चढवायचा नाही. "चेहरा दाखवला का तिचा?" तो म्हणाला. "नाव घेतलं का? तुमचाच नियम आहे, नाव घेऊ नका. आम्ही कुठं घेतलं?"

"म्हैस कुणी लावली?"

"एडिटिंगवाला पोरगा आहे भंडाऱ्याचा. असंच चालते आजकाल. लोक हसतात, मंग नंबर लावतात. अकॅडमी काय माझ्या सासऱ्याच्या पैशानं चालते का? आता तुम्हीच सांगा, राग कायचा आहे? तुम्ही तं स्वतःच हसून राहिल्या. हे पाहा."

त्यानं तिच्या चेहऱ्यावर व्हिडिओ थांबवला. कामिनीनं पाहिलं. खरंच हसत होती ती. इतक्या आठवड्यांनी ती पोरगी फळ्याजवळ आली, घरचं वाक्य लिहून गेली, म्हणून आलेलं हसू होतं ते. पण म्हशीच्या मागं ठेवलं की ते दुसरंच काही दिसत होतं. त्या खोलीत, त्या मोबाइलवर, ते हसू थट्टेचं नव्हतं हे सिद्ध करायला तिच्याजवळ काहीच नव्हतं. काचेच्या टेबलापलीकडचा माणूसही कदाचित असाच दिसत असेल, हा विचार तिच्या मनात आला.

ती खूप बोलली. खालच्या खताच्या दुकानात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली. धनंजय मान हलवत ऐकत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "शांत व्हा, मॅडम. परीक्षा तोंडावर आहे. आठ दिवसांत लोक विसरून जातेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिनं तास घेतला. परीक्षा तोंडावर होती, हे खोटं नव्हतं.

राखी फोन उचलत नव्हती. रविवारी कामिनी स्कूटी घेऊन एकोडीला गेली.

घराला कडी होती. शेजारणीनं हातानंच दिशा दाखवली. बांध्यांमध्ये, धानाच्या वाफ्यांत, पाणी भरलेलं, त्यावर ढगांचा राखाडी उजेड, आणि एका बांधीत बायकांची रांग. सगळ्या वाकलेल्या, सगळ्या मागं मागं सरकणाऱ्या. पुढं हिरवं होत जाणारं, मागं अजून नुसतं पाणी. हिरवी ओढणी कमरेला बांधलेली राखी रांगेच्या मधोमध होती, तिच्या बाजूला तिची आई चंद्रकला.

"राखी," कामिनीनं धुऱ्यावरून, वाफ्याच्या बांधावरून, हाक मारली.

हाक सगळ्यांनी ऐकली. मान कुणी वर केली नाही. हात फक्त जरा जोरात चालायला लागले.

"राखी, मला बोलायचं आहे तुझ्याशी."

रांगेच्या टोकाची बाई कंबर सरळ करून उभी राहिली. धुरपताबाई. गावातली रोवणीची टोळी तिच्या शब्दावर चालायची. "मॅडमबाई, काम चालू आहे. गुत्त्यानं, ठोक पैशानं घेतलं आहे, पुरी बांधी आज झाली पाहिजे. पोरगी वर आली तं तिची जागा खाली राहते. तिले न्याचं असन तं बदली मानूस द्या."

"बदली कुठून आणू मी आता?"

"तुमाले हात नाई का?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

कामिनी दुकानदाराची पोरगी होती. धान तिनं पोत्यात पाहिलं होतं. तिनं चपला काढल्या, सलवार गुडघ्यांपर्यंत चढवली आणि खाली उतरली. चिखल ऊन होता, वरचं पाणी गार. राखी हातातली पऱ्ह्यांची जुडी तिच्या हातात देऊन धुऱ्यावर जाऊन बसली. तिच्याकडे पाठ करून.

कामिनी वाकली. धानाची ती पऱ्हे, कोवळी, बोटभर मुळांची, तिनं बाजूच्या बाईकडे पाहून चिखलात खोचली. दोन पावलं मागं गेली तर तिची सगळी रोपं पाण्यावर तरंगत होती. चंद्रकलाचा हात आला, तरंगती रोपं एकेक करून अंगठ्यानं आत दाबली आणि आपल्या जागेवर परत गेला.

"चुकलं का माझं?" कामिनीनं विचारलं.

"रोवा तुमी."

"सांगा ना काय चुकतं आहे."

"सांगून का होते? माझा अंगठा पाहा."

ती पाहत राहिली, खोचत राहिली. तिची रोपं सुटत राहिली आणि त्या बाईचा हात येत राहिला. कुणी हसलं नाही. कुणी नावही घेतलं नाही. त्यानं कामिनीला इतकी शरम वाटली की ती रागावली, आणि राग धुऱ्यावर बसलेल्या पाठीवर काढला.

"परीक्षा आहे तुझी. वर्ष फुकट घालवणार आहेस का एका व्हिडिओपायी?"

"तुम्ही हसल्या, मॅडम." राखीनं वळून पाहिलं नाही.

"हसले. तू पहिल्यांदा घरचं वाक्य लिहिलंस म्हणून हसले."

"ते मले काय माहीत? लोकायले काय माहीत?" आता ती वळली. डोळे कोरडे होते, आवाज चिरत होता. "हँडपंपावर आईले काय म्हणून राहिले माहीत आहे का तुम्हाले? 'म्हशी, तुझं झालं का पाणी भरून?' जे इंग्रजीतलं ए टू झेड जाणत नाही ना, ते म्हणून राहिले. तुम्हीच म्हटलं होतं घरचं लिहा. मी जॉनचंच लिहिलं असतं तं बरं झालं असतं. त्याच्या मायले कोणी म्हैस म्हणत नाही."

"जाऊ दे नं वो," चंद्रकला खालूनच म्हणाली. "म्हैस का वाईट असते? दूध देते."

"तू चूप राय, आई!"

रांग एक पाऊल मागं सरकली. धुरपताबाईनं नवी जुडी सोडली आणि पाण्याकडे बघतच बोलायला लागली, जणू कामाचंच काही सांगत होती. "मागच्या साली एका मालकानं इथंच, धुऱ्यावरून, चंद्रकलेले शिवी देल्ली. रोवा विरळ पडला म्हणून. आमी भांडलो नाई. एक शब्द बोललो नाई. पुरी लाइन वर आली अन् धुऱ्यावर बसली. पऱ्हे बांधीत तशीच पडून. दुपारी आला तो."

"माफी मागितली?"

"माफी कायले? चहाची केटली घेऊन आला. पन दुसऱ्यांदा शिवी नाई देल्ली." तिनं चार रोपं लावली. "तुमच्या लाइनमधून कोन वर आलं, मॅडमबाई?"

"मी भांडले त्याच्याशी. खूप भांडले."

"अन् दुसऱ्या दिवशी शिकवलं का नाई?"

कामिनीच्या हातातलं रोप खोचायचं राहिलं. "शिकवलं," ती म्हणाली.

धुरपताबाई पुढच्या रोपाकडे वळली. चंद्रकलाचा हात पुन्हा आला आणि कामिनीच्या पुढ्यातली रिकामी जागा भरून गेला.

परत येताना कामिनीनं स्कूटी अशी पिटाळली की दोनदा खड्ड्यात आपटली. कुणावर रागावायचं ते तिला कळत नव्हतं. धनंजयवर रागावणं सोपं होतं. एका अडाणी बाईनं गुडघाभर चिखलात उभं राहून एक प्रश्न विचारला होता, आणि त्याला चौथा पर्याय नव्हता.

संध्याकाळी ती सचिन सरांच्या घरी गेली. "उद्या तास घेऊ नका," ती म्हणाली. "आपण दोघांनी घेतला नाही तर तो व्हिडिओ तासाभरात उतरेल."

सचिन सरांनी तिला खुर्ची दिली, पंखा लावला, आणि एकामागून एक कारणं दिली. पोरांचं नुकसान होईल. त्यांची स्वतःची नोकरी कच्ची आहे. व्हिडिओ तसाही सगळीकडे गेला आहे. मुलीनंही थोडं मनाला लावून घेतलं आहे. "तुमचं बरोबर आहे मॅडम, शंभर टक्के बरोबर आहे, पण..." त्यांच्या कारणांपैकी खोटं एकही नव्हतं. म्हणूनच ती अधिक संतापली. पाणीही न पिता उठली.

सोमवारी आठ वाजता वर्ग भरला होता. मागं स्टँडवर मोबाइल लागला होता. धनंजय दारात उभा राहून म्हणाला, "मॅडम, आजही घरची वाक्यं घ्या एक-दोन. लोकांना आवडून राहिली."

कामिनीनं खडू उचलला नाही.

"आज माझा तास नाही," ती पोरांना म्हणाली. "काहून नाही, ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सगळ्यांनी तो व्हिडिओ पाहिला आहे. काहींनी पुढं पाठवला आहे."

"मॅडम, मी पाठवला नाही," गोलू म्हणाला. "मी फक्त स्टेटसवर ठेवला होता."

हशा उठायला आला आणि तिच्या चेहऱ्यापाशी थांबला.

"तो उतरेपर्यंत मी खाली बसते. तुमची परीक्षा जवळ आहे, मला माहीत आहे. कुणी माझ्यामागं यावं असं मी म्हणत नाही." ती थांबली. "खोटं बोलले. यावं असं मला वाटतं. पण म्हणणार नाही."

ती जिना उतरली आणि खताच्या दुकानाच्या पायरीवर बसली. दुकानदार गोण्या मोजत होता. त्यानं तिला पाहिलं आणि मोजणं चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बराच वेळ कुणी आलं नाही. रस्त्यावरून बस गेली, शाळेची पोरं गेली. सगळं साकोली आपल्याकडे बघत आहे असं तिला वाटत होतं, आणि बरंचसं साकोली खरंच बघत होतं.

आधी तीन मुली आल्या, एकमेकींचे हात धरून. मग आणखी काही. मग गोलू.

"मॅडम, वर पंखा आहे. इथं युरिया आहे," तो म्हणाला.

"मग वर जा."

"नाही जी. बसतो."

वर्गातले निम्मे आले असतील, निम्मे आले नाहीत. वरून सचिन सरांचा आवाज येत होता, शेकडेवारी शिकवणारा, नेहमीपेक्षा मोठा. न आलेल्यांची नावं कामिनीला बघितल्याशिवाय सांगता आली असती. त्यांचा तिला राग आला. तो राग योग्य नाही हे तिला कळत होतं, तरी आला.

दहाच्या सुमाराला धनंजय खाली आला. समोर दुकानात गिऱ्हाईकं होती. चावडी भरल्यासारखी माणसं थांबली होती.

"हा काय तमाशा करून राहिल्या, मॅडम?" तो हसत हसत, दात न उघडता म्हणाला.

"तमाशा तुम्ही केला. आम्ही नुसते बसलो आहोत."

"काढला मी. हे पाहा, काढला. झालं? चला वर."

"दुसऱ्यांच्या पेजवर अजून आहे तो."

"त्याले मी काय करू? लोकायचे मोबाइल हिसकू?"

"लिहा. तुमच्याच पेजवर. व्हिडिओ अकॅडमीनं टाकला, म्हैस अकॅडमीनं लावली, शिकणाऱ्या मुलीची त्यात काही चूक नाही."

"मराठीत लिहू का इंग्लिशमध्ये?" त्यानं टोमणा मारला.

"मराठीत लिहा. इंग्लिशमध्ये लिहिलंत तर मला लाल पेन काढावं लागेल."

गोलू फसकन हसला. या वेळी तिनं त्याला थांबवलं नाही. धनंजयनं उभ्या उभ्याच मोबाइलवर लिहिलं आणि तिच्यापुढं धरलं. 'कोणाचा गैरसमज झाल्यास दिलगीर आहोत.'

"गैरसमज कुणाचा झाला?" कामिनीनं विचारलं. "एकाचाही नाही. सगळ्यांना तुम्ही दाखवलं तेच समजलं. पहिले तीन शब्द काढा अन् काय केलं ते लिहा."

त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. तिचा उतरला. पंधरा-वीस मिनिटं हे चाललं. गिऱ्हाईकांपैकी एक म्हातारा मध्येच म्हणाला, "लिहून दे ना बापू, गोणी उचलायची आहे मले, तू वाटेत उभा आहेस." शेवटी धनंजयनं लिहिलं. तिला हवं होतं तसं पुरतं नाही, पण 'आम्ही केलं' हे दोन शब्द त्यात होते.

नंतर त्यानं तिच्याशी बोलणं टाकलं. तुमसरहून इंग्रजीचे एक सर यायचे आहेत असं कानावर आलं. परीक्षा होईपर्यंत तिला ठेवतील, पुढचं माहीत नाही. तिनं राखीला फोन केला नाही. धनंजयनं लिहिलेलंही तिला पाठवलं नाही. पाठवलं असतं तर ते पुन्हा काहीतरी मागितल्यासारखं झालं असतं.

आठवडा गेला. पहिल्या बाकावरची जागा कुणी घेतली नाही, आणि कामिनीनंही कुणाला तिथं बसवलं नाही.

एकोडीची रोवणी आटोपली असावी. एका सकाळी तास अर्धा झालेला असताना राखी दारात आली. आत येऊ का, असं विचारलं नाही. कामिनीकडे बघितलं नाही. पोरींनी सरकून वाट दिली. ती पहिल्या बाकावर बसली, पिशवीतून सराव-संच काढला आणि फळ्यावरचा क्रमांक पाहून पान उघडलं. नखांच्या कडांना चिखलाचा काळा रंग अजून धरलेला होता.

सगळे कामिनीकडे बघत होते, आता ती काही बोलेल म्हणून. तिनं पुढचं वाक्य वाचलं. जॉन कुठंतरी उशिरा पोचला होता.

"कोणता भाग?"

"दुसरा," राखी म्हणाली. मान संचात, आवाज टणक.

"कारण?"

राखीनं मान वर केली. त्या डोळ्यांत माफी नव्हती, आणि कामिनीला ती हवीही नव्हती, असं तिनं स्वतःला सांगितलं.

"कारण येते मले, मॅडम," राखी म्हणाली. "पुढचं घ्या. लई दिवस गेले माझे."

कामिनीनं पुढचं घेतलं.